प्रत शेजारीच बरी

यवतमाळच्या एका घराने बॅकअपचा आदर्श घालून दिला आहे. एक संगणक रोज रात्री राउटरमार्गे आपली प्रत दुसऱ्याला देतो. सातबारा, कापसाच्या काटापट्ट्यांचे फोटो, पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ, सगळे दोन ठिकाणी. ठिकाणे अर्थात एकाच टेबलावर, म्हणजे डेटाला प्रवासाचा शीण नाही. दोघांचे प्लग एकाच बोर्डात. उद्या वीज कोसळली तर पक्षपाताचा आरोप नको. दुसरा संगणक तर कमालीचा आज्ञाधारक. पहिल्यात फाइल चुकून पुसली गेली, की रात्री तोही बिनतक्रार पुसतो. व्हायरससुद्धा मन लावून उतरवून घेतो.

शासनाने हा नमुना जरूर अभ्यासावा. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. प्रत्येक फाइलची प्रत शेजारच्याच कपाटात ठेवली असती, तर मूळ कोणते नि नक्कल कोणती हा वाद तरी उरला नसता.

‘एक हार्डडिस्क पुसदला मामांकडे ठेवा,’ असे कुणीतरी सुचवले. घरची माहिती घराबाहेर कशी जाऊ द्यायची? सूचना फेटाळली. मात्र धोका नको म्हणून तिसरा संगणक घेतला आहे. सुतार येऊन टेबलाचे माप घेऊन गेला.