शिडीवरचा मत्स्यविनोद

मालवणात ज्याचे बालपण गेले त्याला मासा या विषयात कोणी धडे देऊ पाहावे, हा त्याचाच नव्हे तर त्याच्या साऱ्या वाडीचा उपमर्द होय, अशी माझी आजवरची समजूत होती. कर्लीच्या खाडीकाठी कोलंबीचा तुकडा गरीला लावून आम्ही बसत असू ते काळुंदर किंवा तांबोशी त्याच दिवशीच्या सारात पडावी एवढ्या एकाच निष्कपट हेतूने. गरवणे आणि जेवणे या दोन क्रियांच्या दरम्यान विळी आणि चूल एवढेच टप्पे असत, आणि त्यांत तत्त्वज्ञानाला कोठेही शिरकाव नव्हता. पुढे महसूल खात्यात अव्वल कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंत जी चाकरी झाली तिने माझ्या ठायी दुसरी एक श्रद्धा दृढ केली, ती ही की पृथ्वीवरील यच्चयावत वस्तू कोणाच्या ना कोणाच्या नावावर असतेच. प्रश्न उरतो तो केवळ कागद सापडण्याचा. या दोन श्रद्धांचे गाठोडे घेऊन मी अमेरिकेच्या नेवाडा संस्थानात, रेनो गावी, कन्येच्या घरी मुक्कामाला गेलो, आणि तेथे जावईबापूंनी मला ट्राउट नामक माशाची दीक्षा दिली.

जावईबापू स्वभावाने सालस, व्यवसायाने संगणकतज्ज्ञ आणि जन्माने चिपळूणचे, म्हणजे माशांच्या बाबतीत संस्कारहीन म्हणता येतील असे मुळीच नव्हेत. परंतु रात्री जेवणाचे टेबल पुसून झाले की ते त्याच्या कडेला एक चिमुकला शिकंजा बसवीत, त्यात बोटाच्या पेराएवढा गळ आवळीत, दिव्याची मान खाली ओढीत, आणि काळ्या रंगात रंगविलेले टर्कीचे मऊ पीस शेपटीच्या जागी बांधून, अंगाभोवती मखमली दोरा गुंडाळून, त्यावरून कोंबड्याच्या पाठीचे पीस अशा बेताने फिरवीत की त्याचा एकेक केस ताठ उभा राहावा. शेवटी गाठीवर रोगणाचा थेंब सोडून ते जो सुस्कारा टाकीत तसा सुस्कारा जमाबंदीचे काम आटोपल्यावर प्रत्यक्ष कलेक्टरसाहेबांनीही टाकल्याचे मला स्मरत नाही. या वस्तूचे नाव वुली बगर. ही कृत्रिम माशी होय, असे मला सांगण्यात आले.

"पण हा नक्की कोणता किडा?" मी विचारले.

"तसा कोणताच नाही, बाबा. काय समजायचं ते माशावर सोपवलेलं असतं."

इतका मोघम मसुदा माझ्या साऱ्या नोकरीत माझ्या टेबलावरून पुढे गेला नव्हता.

या छंदाचे एक पुराणही आहे. त्याचे मुख्य पारायण म्हणजे आयझॅक वॉल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १६५३ साली छापलेला गळशास्त्रावरील ग्रंथ. म्हणजे जेव्हा जावळी अद्याप मोऱ्यांच्या ताब्यात होती आणि शिवाजीमहाराज ऐन विशीत होते, तेव्हा हा लंडनचा व्यापारी नदीकाठी बसून माशांवर प्रौढ संवाद रचीत होता. विशेष म्हणजे कृत्रिम माशीच्या मासेमारीचा तपशीलवार भाग त्याने १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटन या आपल्या तरुण स्नेह्याकडून लिहवून घेतला. मूळ प्रकरण साहेबाच्या नावे आणि किचकट कलमे हाताखालच्याकडून, ही रीत त्या देशातही जुनीच दिसते. मी अर्थात गप्प बसलो नाही. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोद हे स्वतंत्र प्रकरण असून कोणत्या जातीच्या माशाला कोणते आमिष घालावे इथपर्यंतचा तपशील त्यात आहे, हे मी जावईबापूंच्या नजरेस आणून दिले. त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारले की राजा मासा धरून परत पाण्यात सोडीत असे काय? त्यावर मी तितक्याच नम्रपणे सांगितले की त्याच ग्रंथात अन्नभोग नावाचे प्रकरण आहे, आणि त्यात मासा कसा रांधावा हेही राजाने लिहून ठेवले आहे.

जावईबापू हसले. धरलेला ट्राउट सोडून द्यायचा, हा त्यांचा धर्म. कायद्याची तशी सक्ती नाही. ठरावीक मापाचा मासा घरी नेण्याची मुभा आहे. परंतु स्वखुशीने सोडलेल्या हक्काचा अभिमान हा कायद्याने मिळालेल्या हक्काच्या अभिमानाहून नेहमीच कडवा असतो.

घरामागच्या हिरवळीवर माझे शिक्षण सुरू झाले. आपल्या गरवण्यात वजन असते ते गरीजवळच्या शिशाला. शिसे पुढे जाते आणि दोर त्याच्या मागोमाग फरफटत जातो, हा न्याय कोणालाही कळण्याजोगा आहे. येथे मात्र माशी वाऱ्यावर उडून जाईल इतकी हलकी, आणि वजन सारे जाड, गुळगुळीत दोरात. म्हणून फेकायची ती माशी नव्हे, तर दोर फेकायचा, आणि माशीने त्याच्या पाठोपाठ निमूटपणे जायचे. त्यासाठी काठी आधी मागे न्यावी लागते, आणि दोर पाठीमागे हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावे लागते. साऱ्या विद्येचे मर्म या थांबण्यात आहे, आणि ते पाठीमागे घडत असल्यामुळे दिसत नाही. घड्याळाचा काटा दहावर असतो तेथून दोनवर असतो तेथपर्यंतच काठी हलावी, मनगट मोडू नये, अशा आज्ञा जावईबापू देत होते, आणि मी आयुष्यभर मनगट मोडूनच सह्या केलेल्या असल्याने दोराची वेटोळी माझ्या खांद्यांवर उतरत होती. कन्या खिडकीतून पाहत होती. कुटुंबाने पाहण्याचे नाकारले, आणि हा तिचा मोठेपणा मी मान्य करतो.

सरोवराचे नाव पिरॅमिड. रेनोहून ईशान्येकडे मोटारीने तासाभराच्या आत, वैराण टेकड्यांच्या वेढ्यात, निळ्या रंगाचा एक अफाट पट्टा अकस्मात पसरतो, आणि त्याच्या काठी झाड म्हणावे असे जवळजवळ काहीच नसते. टाहो सरोवरातून निघालेली ट्रकी नदी येथे येऊन संपते. पुढे पाण्याला वाट नाही, त्यामुळे ते किंचित खारट. हा सारा मुलूख पायूट जमातीचा असून मासेमारीचा परवानाही तीच जमात देते. संस्थानच्या परवान्याची येथे मातब्बरी नाही. मोसम ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून जूनअखेर; गळाला उलटा काटा असता कामा नये; खरे आमिष वर्ज्य. मी परवान्याची सारी कलमे दोनदा वाचली, आणि माझ्या ध्यानात आले की त्यांतील बहुतेक प्रत्येक कलमाचा अंमल माणसावर होतो आणि लाभ माशाला मिळतो.

मग शिड्या दिसल्या. फेब्रुवारीतील पहाट, वारा तोंडावर थापडा मारतो आहे, आणि काठापासून बऱ्याच अंतरावर, पाण्यात, रंगाऱ्यांच्या घडीच्या शिड्यांची एक लांबच लांब रांग उभी असून प्रत्येक शिडीवर एकेक प्रौढ, पोक्त, बहुधा पेन्शनीत निघालेला अमेरिकन गृहस्थ हातात काठी घेऊन क्षितिजाकडे पाहत आहे, हे दृश्य ज्याने प्रथमच पाहिले त्याला वाटेल की खाली कोठे तरी पूर आला असून ही मंडळी सुटकेच्या होडीची वाट पाहत आहेत. कारण विचारले तर ते अगदी सयुक्तिक होते. तळ काही अंतर उथळ असतो आणि मग एकदम खाली कोसळतो. ट्राउट त्या कड्याच्या धारेने फिरतात. तेथवर दोर पोचायचा तर फेकणाऱ्याचा हात पाण्यापासून उंच हवा. काहींनी शिडीवर बैठक ठोकून घेतली होती. माझ्या डावीकडच्या वयोवृद्ध गृहस्थाने तर कॉफीच्या थर्माससाठी कडीही बसविली होती, आणि त्या कडीकडे मी ज्या नजरेने पाहिले ती मत्सराची नव्हती असे मला शपथेवर सांगता येणार नाही.

छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवून, जावईबापूंचा हात धरून, मी माझ्या शिडीवर आरूढ झालो. दोर पाठीमागे गेला, मी थांबलो, वारा थांबला नाही, आणि वुली बगर माझ्याच टोपीत रुतली. उलटा काटा नसल्यामुळे ती सहज निघाली. त्या कलमाचा लाभ माशाखेरीज अन्य कोणालाही मिळाल्याचे ते एकमेव उदाहरण.

पुढचे काही तास कोणताही मासा आमच्याकडे फिरकला नाही, आणि त्या सक्तीच्या फुरसतीत शेजारच्या शिडीवरून जावईबापूंनी मला या माशाची कैफियत सांगितली. ती ऐकताना माझ्या अंगातला निवृत्त महसुली नोकर हळूहळू ताठ बसला. १८४४ च्या जानेवारीत फ्रेमाँट नावाचा सरकारी सर्वेक्षक येथे पोचला. पाण्यातला एक त्रिकोणी खडक पाहून त्याला इजिप्तची आठवण झाली, म्हणून त्याने कोणास न विचारता सरोवराचे नामकरण करून टाकले. पायूटांनी त्याला ट्राउट आणून दिले, आणि त्याच्या लोकांनी ते यथेच्छ खाल्ले. येथल्या पायूटांची ओळखच मुळी त्यांच्या भाषेत 'कुयुई खाणारे' अशी आहे. कुयुई हा याच सरोवरातला दुसरा मासा. आपल्या आवडीच्या माशावरून जमातीचे नाव पडावे, हे ऐकून मला या लोकांविषयी एकाएकी सोयरिकीची भावना उत्पन्न झाली.

१८७४ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या हुकमाने हा मुलूख जमातीसाठी राखीव ठरला, परंतु हुकूम जमिनीचा झाला आणि पाणी वरच्या अंगाला राहिले. १९०५ मध्ये डर्बी येथे धरण बांधून ट्रकीचे पाणी दूरच्या शेतांकडे वळविण्यात आले. सरोवर खाली खाली गेले, शेजारचे विनेमुका सरोवर तर पार आटले, आणि अंडी घालण्यासाठी नदीत चढणाऱ्या ट्राउटची वाट बंद झाली. १९२५ साली जॉन स्किमरहॉर्न नावाच्या मासेमाराने येथे ४१ पौंडांचा ट्राउट धरला, आणि त्या जातीचा तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. पण पुढे वीसएक वर्षांत सरोवरातले ते मूळ घराणे निर्वंश झाले. डलहौसीने १८४८ मध्ये साताऱ्याची गादी खालसा केली तेव्हा निदान दत्तकाचा वाद तरी होता. येथे वादाला वारसच शिल्लक नव्हता.

आणि मग, ज्या प्रकारचा कागद सापडावा म्हणून तलाठ्यापासून कमिशनरापर्यंत सारे आयुष्यभर दप्तरे उपसतात तसा कागद सापडला. यूटा संस्थानच्या हद्दीवर पायलट पीक नावाचा डोंगर आहे. त्याच्या एका ओढ्यात, जो मनुष्याने सहज ओलांडून जावा, १९७० नंतरच्या दशकात ट्राउटचा एक छोटा कबिला आढळला. फार पूर्वी कोणी तरी हे मासे तेथे नेऊन सोडले असावेत. जाणकारांना संशय आला, आणि संग्रहालयांत जपून ठेवलेल्या जुन्या पिरॅमिडच्या माशांशी त्यांचा आनुवंशिक ताळा करून पाहिला असता वारसा सिद्ध झाला. २००६ पासून त्यांची संतती पुन्हा या सरोवरात सोडण्यात येऊ लागली, आणि २०१४ मध्ये ती ट्रकीत चढून अंडीही घालू लागली.

एवढी सनद, एवढी रुजुवात आणि एवढा प्रदीर्घ दावा ज्याच्या पाठीशी आहे, त्या वतनदाराला तिरफळ घालून शिजवावे ही कल्पना ऐकता ऐकता माझीच मला जरा अवघड वाटू लागली. जावईबापूंना मी तसे सांगितले नाही. सासऱ्याचे मतपरिवर्तन जावयासमक्ष होणे आमच्याकडे शिष्टसंमत नाही.

नेमक्या त्या क्षणी दोर ताठ झाला. कोठे तरी तळाशी कोणी तरी अंमळ रागाने मान हलविल्याचा धक्का काठीतून कोपरापर्यंत आला, आणि मी कर्लीकाठच्या सवयीने काठी मागे उपसणार तोच "ओढू नका, बाबा, जाऊ द्या त्याला!" अशी आरोळी आली. जाऊ दिले. रिळाने किंकाळी फोडली. मासा गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि हा सारा व्यवहार सर्वस्वी त्याच्या सोयीने चालला असून मी केवळ काठी धरण्यापुरता नेमलेला आहे याविषयी शंका उरली नाही. अखेर जावईबापूंनी शिडीवरून उतरून रबरी जाळीची झोळी त्याच्याखाली सरकविली. "हात ओले करा," ते म्हणाले. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. हातभर लांबीचा, तांबूस अंगाचा, काळ्या ठिपक्यांनी भरलेला तो जीव. आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंना शेंदराचे बोट ओढावे तशी ती लाल रेघ, जिच्यामुळे त्याला 'गळा चिरलेला' हे भयंकर नाव मिळाले आहे. मी ओल्या हातांनी त्याला आधार दिला, छायाचित्र झाले, आणि त्याने शेपटीचा एक सणसणीत फटका मारून माझ्या अस्तनीत थंडगार पाणी भरले व स्वतःच्या मिळकतीत निघून गेला. डाव्या शिडीवरच्या वृद्ध गृहस्थाने थर्मास उंचावून माझे अभिनंदन केले.

"कुठाय?" घरी दारातच कुटुंबाने विचारले.

घडलेला वृत्तांत मी सनावळीसह निवेदन केला. तो तिने शांतपणे ऐकून घेतला, आणि मग फ्रीजमधून एक वेष्टन काढून ओट्यावर ठेवले. पहाटेपासून पाण्यात उभे राहणारी माणसे मासा आणतीलच असे नाही, हा अंदाज तिने मालवणातच बांधून ठेवलेला असल्यामुळे कन्येबरोबर दुकानात जाऊन तिने आधीच तजवीज केली होती. ट्राउटच होता. मी चष्मा लावून वेष्टन वाचले: रेनबो जातीचा, आयडाहो संस्थानातील मत्स्यशेतीत वाढविलेला. या देशात ताटात पडणारा ट्राउट बहुतांशी त्याच संस्थानातून येतो, असे जावईबापूंनी सांगितले, आणि सांगता सांगता ते पाटावर बसावे तसे टेबलापाशी बसलेही. आमसूल आणि तिरफळ मुंबईहून आमच्याच सामानातून गेले होते. जावईबापूंनी दोन तुकड्या घेतल्या, मग तिसरी मागितली, आणि या गरिबाचे मूळ कोणते, वारसा कोणता, याची चौकशी करण्याचे त्यांच्या मनातही आले नाही. मी मात्र घास हातात धरून विचारात पडलो की संवर्धित मत्स्याला कूळकायदा लागू होतो की काय.

"अहो," कुटुंब म्हणाले, "हा सोडायचा आहे की खायचा आहे, ते एकदा काय ते ठरवा. सार निवतंय."

मी मुद्दा तहकूब केला आणि भात कालवला.