निरंक असल्यास निरंक कळवावे

आजच्या महाराष्ट्रात सगळ्यात जास्त लेखन कोण करतं, असं विचारलं की लोक कुणातरी कादंबरीकाराचं नाव घेतात. साफ चूक. सगळ्यात जास्त लेखन करतो द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतला गुरुजी. सकाळी हजेरी. मग पोषण आहार: तांदूळ किती शिजला, डाळ किती पडली, तेल किती उरलं. खिचडी मुलांना वाढायच्या आधी स्वतः चाखायची आणि ती कशी झाली ते चव नोंदवहीत लिहायचं. (या वहीत आजवर कुणी 'बेचव' असा शेरा मारल्याचं ऐकिवात नाही. एवढी उदार समीक्षा मराठीत दुसरीकडे कुठे होत नाही.) मग यू-डायस, आधारची जुळणी, अपार आयडी, गणवेशाचा हिशेब, मतदार यादी. हे चालू असतानाच केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश येतो: अतितात्काळ, सोबतची लिंक आज दुपारी बारापर्यंत भरावी, माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.

एवढं लेखन कशासाठी? तर मुलांना लिहिता-वाचता यावं म्हणून. तिसरीतल्या एका पोराला परिच्छेद वाचता येत नाही ही गोष्ट आपल्याकडे फार उत्पादक आहे. तिच्यापासून परिपत्रक निघतं, परिपत्रकातून प्रशिक्षण, प्रशिक्षणातून घटकसंच, घटकसंचातून आढावा बैठक, बैठकीतून इतिवृत्त. पोरगं आहे तिथेच असतं, पण त्याच्याभोवती साक्षर माणसांची केवढी रोजगार हमी उभी राहते!

मुदतींची गंमत तर न्यारीच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितलं की 2025 पर्यंत प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन, लेखन आणि गणित आलंच पाहिजे. 5 जुलै 2021 रोजी 'निपुण भारत' आलं आणि त्याने तिसरीअखेरच्या मुलांसाठी 2026-27 हे साल धरलं. म्हणजे पहिली मुदत संपायला चार वर्षं असतानाच पुढची तारीख लागली. आपल्या कोर्टांनी शिकावं असं हे नियोजन आहे. त्याआधी 2015 सालचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' होताच. त्यातली मुलं आता मतदान करतात.

दरम्यान 'प्रथम' संस्थेची माणसं 'असर' पाहणीसाठी गावोगाव फिरतात, घरात शिरतात आणि पोरासमोर एक साधा कागद धरतात: काही अक्षरं, काही शब्द, चार ओळींचा परिच्छेद, आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना ही गोष्ट वाचता आली त्यांचं प्रमाण 2022 साली 20.5 टक्के होतं, 2024 साली 27.1. करोनाच्या खड्ड्यातून वर आलो याचा आनंद जरूर मानावा. उरलेल्या 73 टक्क्यांना हा आनंद वाचून दाखवायला मात्र कुणीतरी बसवावं लागेल.

'निपुण महाराष्ट्र'च्या धामधुमीत एका गावचं चावडी वाचन बघायचा योग आला. पार, मांडव, फ्लेक्स, फ्लेक्सवर नऊ चेहरे. त्यांत एकही चेहरा विद्यार्थ्याचा नव्हता, हे ओघाने आलंच. तिसरीतली एक तरतरीत मुलगी उभी केली होती. तिने पुस्तकातली गोष्ट घडाघडा वाचली. साहेब खूश झाले. 'पाठ असेल हो' अशी कुजबुज मागून आली, तेव्हा साहेबांनी हातात होता तोच कागद तिच्यापुढे धरला. मुलीने बोट ठेवलं आणि वाचायला लागली: उपरोक्त संदर्भाधीन शासन निर्णयान्वये विहित करण्यात आलेल्या. रफार, जोडाक्षरं, सगळं बिनचूक. टाळ्या पडल्या. मग ती म्हणाली, "सर, म्हंजे काय?"

साहेबांनी केंद्रप्रमुखांकडे पाहिलं. केंद्रप्रमुखांनी मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापकांनी ग्रामसेवकांकडे. प्रश्न योग्य मार्गाने एकेक पायरी खाली उतरत शेवटी ग्रामपंचायतीच्या शिपायापाशी पोचला. तो म्हणाला, "म्हंजे वरून आलंय."

सबंध मांडवात अर्थ समजून वाचन झालं ते त्याचं एकट्याचं. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत असं निपुणचं लक्ष्य आहे. हीच कसोटी घड्याळ लावून मंत्रालयाच्या एका मजल्यावर घ्यावी, कागद त्यांचेच द्यावेत. आकडा काय येईल ते मी सांगत नाही. लिंक आली तर भरीन.

खरं शिक्षण मला मांडवाबाहेर मिळालं. वाचणाऱ्या दोन-तीन मुली पुढे होत्या, बाकीची पोरं सतरंज्या उचलायला ठेवली होती. त्यांतला चौथीतला एक जण हापशापाशी उभा होता. कठड्यावर रंगवलं होतं 'कूपनलिका'. म्हटलं, वाच बरं. तो 'कू'पाशी थांबला आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटला: क, का, कि, की, कु, कू. हं, कू! पुढे प आला, न आला. 'लि'ला पुन्हा तळापासून: ल, ला, लि. मग 'का'. प्रत्येक अक्षर बरोबर होतं. "आता सगळं मिळून काय झालं?" म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. 'का' हाती आला तोवर 'कू' निसटला होता.

त्या पोराला बाराखडी मुखोद्गत आहे. अडचण तीच आहे. बाराखडी तो जिना म्हणून शिकला आहे. 'कू'च्या मजल्यावर थेट जाता येत नाही, दर खेपेला क पासून चढावं लागतं. अक्षर ओळखण्यातच डोकं सगळं खर्ची पडलं की अर्थासाठी काही शिल्लक राहत नाही. मिनिटाला 60 शब्दांचा आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. त्यापेक्षा फार रेंगाळलं की वाक्याचं शेपूट येईपर्यंत डोकं विसरलेलं असतं. पण हे शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगत नाहीत. तिथे आकडा सांगतात आणि रकाना दाखवतात. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांत घोटाळणाऱ्या पोराचं काय करायचं, याला रकाना नाही.

वर्षानुवर्षं हे करून पाहिलेली माणसं याच राज्यात आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला आदिवासी पोरांच्या अंगणात जाऊन बसल्या. मूळच्या अमेरिकेच्या मॅक्सीन बर्नसन फलटणला राहिल्या, 1984 साली प्रगत शिक्षण संस्था काढली आणि मराठी वाचायला कसं शिकवावं यात आयुष्य घातलं. वाडा तालुक्यात सोनाळ्याला 'क्वेस्ट' संस्थेची मंडळी तेच करतात. यांचं सांगणं एकमेकांहून फार वेगळं नाही: आधी पोराशी त्याच्या भाषेत भरपूर बोला, मेळघाटात कोरकूत, तलासरीत वारलीत. रोज गोष्ट वाचून दाखवा. सगळी वर्णमाला डोक्यावर ओतू नका. मोजकी अक्षरं आणि एखादी मात्रा द्या, आणि त्यांचे लगेच शब्द करा, म्हणजे पोराला पहिल्या आठवड्यातच काहीतरी वाचल्याचा आनंद मिळेल. चुकलेलं का होईना, त्याचं स्वतःचं वाक्य लिहू द्या. या पद्धतीत एकच मोठा दोष आहे. फोटो चांगला येत नाही. एक पोर, एक बाई, मध्ये एक फाटकं पुस्तक. याचा फ्लेक्स काय करणार?

आणि फाटकं पुस्तक आणायचं कुठून? शाळेत पुस्तकं आहेत, चांगली आहेत, कपाटात आहेत. किल्ली मुख्याध्यापकांकडे. त्यांना बोल लावू नये, कारण प्रत्येक पुस्तक नोंदवहीत चढलेलं असतं आणि बदलीच्या वेळी चार्ज देताना एकेक मोजून द्यावं लागतं. वाचलेलं पुस्तक फाटतं. फाटलेल्या पुस्तकाचा निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, प्रस्तावाला वरून त्रुटी निघते. न वाचलेलं पुस्तक मात्र निवृत्तीपर्यंत साथ देतं. म्हणून 15 ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन होतो, कपाट उघडतं, पुस्तकांना हवा लागते, पोरांच्या हातात ती अर्धा तास दिली जातात आणि मोजून परत घेतली जातात. प्रेरणा मुलांकडे राहते, पुस्तकं कपाटात जातात.

दप्तराचं वजन कमी व्हावं म्हणून मध्यंतरी एक नामी युक्ती निघाली होती. 2023-24 पासून पुस्तकातच कोरी पानं बांधली, म्हणजे वेगळी वही नको. मला ही सुधारणा मनापासून आवडली होती. कोऱ्या पानावर अख्खा वर्ग सारखाच निपुण असतो, मिनिटाला हव्या तितक्या वेगाने. पण 2025 साली ती पानं काढून टाकली. सलग दोन वर्षं समान पातळीवर आलेला वर्ग पुन्हा विखुरला.

त्याच वर्षी कुणाला तरी वाटलं की एक भाषा वाचताना पोरगं अडतंय त्याअर्थी त्याला तिसरी दिली पाहिजे. 16 एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला, 17 जूनला त्याची सुधारित आवृत्ती आली, 29 जूनला दोन्ही रद्द झाले आणि समिती नेमली गेली. अडीच महिन्यांत महाराष्ट्राने पहिलीच्या भाषेवर जेवढं वाचलं, लिहिलं आणि ओरडलं, तेवढं पहिलीच्या वर्गात बसून कुणी ऐकलं असतं तर! मराठी 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात ठरली, त्याचे पेढेही आपण खाल्ले. भाषा दोन हजार वर्षांहून जुनी निघाली. पोरगं अजून दुसऱ्या ओळीवर आहे.

शहरातल्या वाचकांनी इथे सुस्कारा सोडू नये. 'आमच्या चिरंजीवांना मराठी वाचताच येत नाही हो' हे आपण ज्या सुरात सांगतो त्या सुरात पूर्वी लोक मुलगा परदेशी गेल्याचं सांगत. चिरंजीव इंग्रजी धडाधड वाचतात. काय वाचलं ते मात्र शिकवणीच्या बाईंना विचारावं लागतं, आणि त्याही उत्तरपत्रिका पाहून सांगतात. हापशापाशी जे घडलं तेच इथे वातानुकूलित होतं, एवढंच.

तर मी एक नम्र प्रस्ताव तयार केला आहे. तिसरीपर्यंतच्या वर्गांत रोज एक तास शिक्षकाने फक्त पोराजवळ बसून वाचावं. त्या तासात मोबाईल कपाटात आणि पुस्तकं बाहेर. फोटो नाही, लिंक नाही, नोंद नाही, भेट नाही. फाटलेल्या पुस्तकाची वसुली नाही. एवढंच. खर्च शून्य.

ओळखीच्या एका अधिकाऱ्याला तो दाखवला. माणूस सज्जन आहे, त्याला कल्पना फारच आवडली. 'नाव काय द्यायचं?' एवढंच त्याने विचारलं आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच 'अहवालमुक्त वाचन अभियान' असं लिहूनही टाकलं. अंमलबजावणीत कसूर नको म्हणून त्याने दोनच किरकोळ गोष्टींची भर घातली. त्या तासात कुठलाही अहवाल लिहिला गेला नाही, असा अहवाल रोज दुपारी बारापर्यंत पाठवायचा. आणि मोबाईल कपाटात ठेवल्याचा फोटो त्याच मोबाईलवर काढून, स्थळ व वेळेसह, सोबतच्या लिंकवर चढवायचा. प्रपत्र 'क', दोन प्रतींत, सुवाच्य अक्षरात.