डोंगरावर कुणीतरी हवं

माझ्या भाच्याला नेहमी अशी ठिकाणं सापडतात जिथं कुणीच जात नाही. तिथं पोचावं तर ‘इथं कुणीच येत नाही’ अशी खात्री असलेले आणखी तीसचाळीस जण आधीच तंबू ठोकून बसलेले असतात. त्यामुळं त्याचा उत्साह मात्र कमी होत नाही. “मावशी, एकदम ऑफबीट आहे. ना हॉटेल, ना टपरी, ना गाव. नुसता निसर्ग!” असं तो सांगतो. “मग चहाचं काय?” असं मी विचारते. त्यावर तो ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं माझ्याकडं माझ्या गणिताच्या बाईंनंतर कुणी बघितलेलं नाही.

माझं निसर्गावर प्रेम आहे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, पुढं वाचताना शंका येईल. पहिला पाऊस पडला की मलाही घरात बसवत नाही. मे महिन्यात पानाच्या द्रोणातली करवंदं खाऊन ओठ चिकाने चिकटले तरी माझा हात थांबत नाही. पण निर्मनुष्य निसर्ग मला झेपत नाही. समोर खोल दरी, तळाशी धुकं आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही, अशा ठिकाणी बाकीच्यांना म्हणे आपल्या क्षुद्रत्वाची जाणीव होते. मला शेवटची एसटी आठवते. त्याच दरीत एखाद्या कौलारू घरातून धूर निघताना दिसला की दरी एकदम देखणी दिसायला लागते. कुणाकडं तरी भात शिजतोय एवढं कळलं की पुढं सूर्यास्त कितीही वेळ चालू दे, माझी काही तक्रार नाही.

भाच्याच्या मते हा वयाचा परिणाम आहे. मला विचाराल तर हा सह्याद्रीचा परिणाम आहे. या डोंगरात एकांत शोधायला निघालेल्या माणसाची कीव यावी इतकी इथं आधीपासून वर्दळ आहे. नाणेघाटात कोकणातून वर चढून आलेला माणूस धापा टाकत घाटमाथ्यावर पोचतो, त्याला वाटतं आता आपण आणि आभाळ. आणि समोर काय, तर दगडी रांजण! परंपरा सांगते की जकातीचे पैसे त्यात टाकत. शेजारच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई दान दिल्या, सगळं आकड्यांसकट. दोन हजार वर्षांपूर्वी जिथं बैलांचे तांडे आपली पाळी येईपर्यंत खोळंबत असतील, तिथं आपण ‘मनःशांती’ म्हणून जातो.

हरिश्चंद्रगडाचं तेच. तिथं चांगदेवांनी तपश्चर्या केली असं सांगतात. तपश्चर्या म्हणजे एकांताची परमावधी. पण गडावर जागोजागी कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत, गुहा कोरलेल्या आहेत, मंदिर तर अखंड नक्षीदार. म्हणजे संसार सोडून आलेल्या माणसासाठीही कुणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन पाण्याची सोय करून ठेवली होती. हा कुणीतरी मला फार जवळचा वाटतो. आज त्याच गडावर पाचनईची मंडळी पिठलं-भाकरी करून घालतात, तेव्हा परंपरा मोडलेली नाही असंच मी धरून चालते.

आणि कळसूबाई! महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, १६४६ मीटर. इतक्या उंचीवर का जावं याची भाच्याकडं बरीच कारणं आहेत. त्यांतली निम्मी इंग्रजी आहेत. खुद्द कळसूबाईचं कारण मला जास्त पटतं. गोष्ट अशी सांगतात की कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला नेमकी तीच कामं सांगितली. तिनं ती मुकाट्यानं केली, आणि मग जी डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा. शिखरावर तिचं छोटंसं देऊळ आहे आणि नवरात्रात तिथं यात्रा भरते. राज्यातलं सर्वोच्च ठिकाण एका मुलीनं खरकट्या भांड्यांवरून गाठलं, हे आमच्या शाळेच्या भूगोलात कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझे मार्क वाढले असते. सुट्टीच्या दिवशी डोंगराकडं निघालेल्या कुठल्याही बाईला विचारून बघा. ती हिरवाई म्हणेल, शुद्ध हवा म्हणेल, पण सिंकमध्ये काय सोडून आली आहे ते आधी बघून घ्या.

मला या थाळेमेळचं फार कौतुक वाटतं. नकाशात जिथं नुसत्या उंचीच्या रेषा असतात, तिथं गावकऱ्यांच्या बोलण्यात प्रत्येक धोंड्याला आणि ओहोळाला नाव असतं, आणि नावामागं कुणाचं तरी भांडण, नवस नाहीतर म्हैस असते. जंगलसुद्धा आपल्याकडं बिनमालकाचं नाही. देवराईत शिरलात की शेंदूर फासलेला एखादा दगड दिसतो. तो मालक, आणि फार कडक मालक. कितीतरी देवरायांत वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही असा दंडक असतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात गावोगाव फिरून या देवरायांच्या नोंदी केल्या. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले, तरी देवाच्या धाकानं राहिलेल्या त्या तुकड्यांत जुनी झाडं, महावेली आणि बऱ्याच ठिकाणी गावाचा झरासुद्धा टिकून होता. म्हणजे आपण ज्याला अस्पर्श निसर्ग म्हणतो तो पिढ्यान् पिढ्या कुणीतरी दटावून राखलेला असतो. दटावणारं माणूस असलं की मला घरच्यासारखं वाटतं.

तर अशा विचारांची मी, भाच्याच्या आग्रहाखातर बारी गावातून कळसूबाई चढत होते. चढत होते म्हणजे टपरी ते टपरी जात होते. भाचा अंतर घड्याळात मोजतो, मी ताकात मोजते. लोखंडी शिड्यांच्या अलीकडं एक ताकवाली बसली होती. निळं प्लॅस्टिक ताणून केलेली सावली, हंड्यावर ओलं फडकं, बाजूला मीठ लावलेल्या काकड्या.

“मावशी, एक ताक द्या,” मी म्हणाले.

“बसा आजी,” ती म्हणाली.

माझ्या ‘मावशी’चा तिनं असा हिशेब चुकता केला. भाचा पुढचा सबंध टप्पा हसत होता.

ताक चांगलं होतं. ते ती रोज गावातून डोक्यावर घेऊन येते हे ऐकून आमच्यातल्या एकानं आपल्या महागड्या काठीकडं बघितलं आणि ती हळूच मिटून सॅकमध्ये ठेवली. मी तिला विचारलं, “रोज इतकं सुंदर बघायला मिळतं, नाही?” ती वळून बघायलाही तयार नव्हती. “डोंगर का बघायचा? तो दिसतोच की,” म्हणाली. आणि मग तिनं मला विचारलं, की पुण्यात ते सरकत्या जिन्यांचं दुकान आहे ना, तिथं नुसतं बघायला गेलं तर पैसे पडतात का? पडत नाहीत म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. नुसतं बघणं म्हणजे काय हे तिला नीट कळत होतं. फक्त ते डोंगराच्या बाबतीत करावं असं तिला वाटत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, माणसं इतकी आवडतात तर रविवारी लोणावळ्याला भुशी धरणावर जाऊन बस. गेले होते. पाण्यापेक्षा माणसंच जास्त वाहत होती. भंडारदऱ्याच्या बाजूला मे-जूनमध्ये काजवे बघायला गेले, तर मोटारींच्या दिव्यांपुढं काजव्यांनी आपापले दिवे आवरते घेतले होते. आणि गडावर स्पीकर घेऊन येणाऱ्यांबद्दल मी जे म्हणते ते छापता येणार नाही. तेव्हा माणसं हवीत ही गोष्ट खरी, पण किती आणि कोणती, या प्रश्नावर मी नेहमी अडखळते. ज्यांचं तिथं काही काम आहे अशी हवीत, असं एकदा ठासून सांगून पाहिलं. त्यावर भाच्यानं शांतपणे विचारलं, “मग मावशी, तुझं तिथं काय काम असतं?” मी म्हटलं, “ताक प्यायचं.” हे काम आहे की नाही यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही, पण ताकवालीचं मत माझ्या बाजूनं पडेल.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा आमच्यापैकी एकाकडंही सुटे नव्हते. भाच्यानं ऐटीत मोबाइल काढला. ताकवालीकडं खांबाला टांगलेला पुठ्ठ्यावरचा कोड होता, पण भाच्याच्या मोबाइलला रेंज नव्हती. त्यानं हात वर करून चारी दिशांना फोन फिरवला. ती काकडी चिरता चिरता मान वर न करता म्हणाली, “तिथं न्हाई यायची. त्या रेंजच्या धोंड्यावर जा.”

वीसेक पावलांवर एक रुंद काळा धोंडा होता. त्याच्यावर तीन जण दाटीवाटीनं फोन उंच धरून उभे होते आणि खाली दोघं पाळीची वाट बघत होते. भाचा जाऊन तिसऱ्या नंबरला उभा राहिला. मी आणखी एक ताक सांगितलं.