काळी चार

आमच्या गटाला अजून नाव नाही. पहिल्याच वर्षी त्यासाठी बैठक घेतली होती. एकाला 'क्रांती' हवं होतं, एकीला 'पहाट', आणि तिसऱ्याचं म्हणणं होतं की नाव काहीही ठेवा, पण पुढे 'युवा मंच' पाहिजेच. बैठक अडीच तास चालली, दोनदा चहा झाला, आणि पुढच्या बैठकीत ठरवायचं असं एकमताने ठरलं. ती पुढची बैठक गेली नऊ वर्षं व्हायची आहे. नोटीसबोर्डावर आम्ही 'समूहगीताची मुले' असतो. शिपाईमामा मात्र 'सरांचे जयंतीवाले' म्हणतात, आणि तेच सगळ्यांत अचूक आहे.

कारण आम्ही कॅलेंडरवर जगतो. ३ जानेवारीला सावित्रीबाई, ११ एप्रिलला जोतीराव, १४ एप्रिलला बाबासाहेब, २६ जूनला शाहू महाराज, १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे, २६ नोव्हेंबरला संविधान दिन. एप्रिलमध्ये मागणी शिगेला पोचते आणि नेमक्या तेव्हाच विद्यापीठाच्या परीक्षा असतात. समतेचं गाणं म्हणता म्हणता एकीच्या तळहातावर कॉस्टिंगची सूत्रं लिहिलेली मी पाहिली आहेत. (कॉपीसाठी नाही, पाठांतरासाठी, असं ती म्हणाली. मी विश्वास ठेवला. सामाजिक न्यायाचा गट चालवायचा तर कुठे तरी विश्वास ठेवावाच लागतो.)

मी पदार्थविज्ञान शिकवतो. या भानगडीत पडलो तो लहानपणी सेवा दलाच्या शिबिरांत गाणी म्हटली होती म्हणून, आणि कॉलेजच्या कपाटात एक पेटी धूळ खात होती म्हणून. माझी अशी समजूत होती की विषय चांगला असला की गाणं आपोआप चांगलं होतं. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचं मंदिर खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, त्याआधी महाराष्ट्रभर हिंडले तेव्हा कलापथक बरोबर होतं. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकरांनी १९४४ साली लालबावटा कलापथक काढलं. वामनदादा कर्डकांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, तरी गाणी लिहिली ती गावोगाव पोचली. हे सगळं पहिल्या तासाला मुलांना सांगून झालं. मग मुलांनी गायला तोंड उघडलं, आणि परंपरा ही एक गोष्ट आणि पट्टी ही दुसरी, हे माझ्या लक्षात आलं.

आमच्याकडे चाचणी नाही. समतेची गाणी म्हणायची आणि दारात उभं राहून 'तू बेसूर, तू परत जा' म्हणायचं, हे मला जमेना. त्यामुळे येईल तो आपला. असाच बी.कॉम.चा एक मुलगा आला. त्याचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत लागतो. मी त्याला डफ दिला, तर तालही फटीत गेला. शेवटी त्याच्या हातात गाण्यांची वही आणि टेम्पोवाल्याचा नंबर दिला. तेव्हापासून आम्ही कार्यक्रमाला वेळेवर पोचतो. तो मागच्या रांगेत उभा राहून मनापासून झील धरतो आणि माईकवाल्याला ते आधीच सांगून ठेवलेलं असतं.

आता पट्टीचं. सात वर्षं आम्ही सगळी गाणी काळी एकमध्ये म्हटली. का, तर माझा आवाज त्या पट्टीतला. आठव्या वर्षी तालीम संपल्यावर एस.वाय.ची एक मुलगी थांबली.

"सर, एक विचारू? दुसऱ्या ओळीत आम्ही काय गायचं?"

"सगळे गातात तेच की गं."

"तिथे आमचा आवाज जातच नाही, सर. आम्ही नुसते ओठ हलवतो."

मला वाटलं एखाददुसरीचा प्रश्न असेल. दुसऱ्या दिवशी मुलांना गप्प बसवलं आणि नुसत्या मुलींना ती ओळ म्हणायला लावली. चौदा मुली. पेटी वाजत होती, पंखा फिरत होता, आणि ओळ खाली उतरली तशी एकेक मुलगी विहिरीत पायरी पायरी उतरावी तशी दिसेनाशी झाली. शेवटच्या शब्दाला फक्त पंखा. आणि गाणं कुठलं, तर बायकांनी आता गप्प बसू नये, अशा अर्थाचं.

विज्ञानाच्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं. पुरुषाचा सा साधारण काळी एकच्या आसपास धरला आणि बाईचा काळी चारच्या, तर तिचा सा म्हणजे त्याचा प. दोघांमध्ये पंचमाचं अंतर. पूर्ण सप्तकाचं असतं तर प्रश्नच नव्हता. एकाने खाली गायचं, दुसरीने वर, सूर तोच. पण निसर्गाने हे अंतर असं अर्धवट ठेवलंय की एकच गाणं दोघांना सुखाचं होऊ नये.

मग आम्ही मध्यममार्ग काढला. पांढरी चार. त्यात मुलांना वरचे सूर गाताना शिरा ताणाव्या लागत, मुलींना खालचे सूर सापडत नसत. सगळ्यांना सारखा त्रास, ही समतेची एक व्याख्या होऊ शकते, पण ऐकणाऱ्यांची त्यात काय चूक?

गोव्यात मांडो ऐकला होता, तो दोन सुरांत गातात. चर्चच्या क्वायरमध्ये तर चार आवाजांना चार वेगळ्या ओळी. प्रत्येकाला आपापल्या उंचीचं घर. मी मोठ्या उत्साहाने मुलांसाठी खालची वेगळी ओळ बांधली. आठवडाभर तालीम केली. पण आपल्या कानाला एकाच चालीची सवय. तिसऱ्या शब्दाला एक मुलगा घसरून मुलींच्या ओळीवर गेला, पाचव्याला सगळे. जत्रेत हरवलेलं पोर ओळखीच्या लुगड्याकडे धावतं तसे.

शेवटी बैठक झाली. (नावाची नव्हे.) तीच मुलगी उठली. "सर, शाहू महाराजांनी १९०२ साली निम्म्या जागा राखून ठेवल्या. आम्ही फक्त निम्मी गाणी मागतोय. निम्मी तुमच्या पट्टीत, निम्मी काळी चारमध्ये." मुलांनी लगेच घसे धरले. काळी चारमध्ये गाणं म्हणजे किंचाळणं, असं त्यांचं मत पडलं. मी म्हणालो, अरे, शाहिरांची पट्टी उंचच असायची, उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत आवाज जायला हवा ना. हे ऐकताच मुलं ताठ बसली. शाहिराची पट्टी उंच असेल तर चालेल, मुलींची नको. हे बोलताना त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत मलाही वाटलं नव्हतं.

आणि आता कबुली देऊन टाकतो. अडचण मुलांच्या घशाची नव्हती, माझ्या बोटांची होती. मला पेटी फक्त काळी एकमध्ये वाजवता येते. बोटांना तिथल्याच पट्ट्या पाठ. काळी चारला हात नेला की दारू न पिताच झोकांड्या जातात. हे बैठकीत सांगायचा धीर झाला नाही. 'विचार करू' म्हणालो. सात वर्षांत शिकलेला हा सरकारी शब्द पहिल्यांदाच वापरला. माझा विचार वर्षभर चालला.

पुढच्या वर्षी २६ जून आला. शाहू महाराजांची जयंती, महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन. आमच्या गटाला याहून मोठा दिवस नाही आणि याहून अडचणीचा दिवसही नाही. जुनी मुलं पास होऊन गेलेली, नवीन प्रवेशाच्या रांगेत. तालुक्याच्या कार्यक्रमाला माझ्याकडे चार मुली आणि तो टेम्पोवाला मुलगा एवढेच होते. तोही बी.कॉम. होऊन बाहेर पडला होता, पण वही त्याच्याकडेच होती.

टेम्पोत मी पेटी मांडीवर घेतली, तर ती मुलगी म्हणाली, "द्या, सर." वर्षभर घरी कुणाची तरी पेटी मागून तिने सराव केला होता. मला पत्ता नव्हता. तिने भाता सोडला आणि काळी चारवर बोट ठेवलं.

कार्यक्रमात चौघी गायल्या. दुसरी ओळ खाली उतरली आणि पहिल्यांदाच ती पूर्ण ऐकू आली, शेवटच्या अक्षरासकट. झीलकरी आम्ही दोघे, मी आणि वहीवाला. तार षड्जाला माझा आवाज फाटला. समोरच्या रांगेतल्या एका आजोबांना ती शाहिरी वाटली असावी, त्यांनी टाळी दिली.

जुलैत नवी मुलं आली. पहिल्या तालमीला अकरावीतून नुकताच बारावीत गेलेला एक उंच मुलगा बाह्या सरसावून म्हणाला, "सर, पट्टी कोणती?"

मी उत्तर द्यायच्या आत पेटी वाजली. मी खिशातून खडीसाखर काढली आणि मुलांच्या रांगेत वाटायला लागलो.