नर्व्हस नेलीला पैठणात शोधू नका

इंग्रजी बोलायचं ठरवलंत? शाब्बास! व्याकरण, काळ, स्पेलिंग सावकाश येईल. आधी टोपणनावं घ्या. पैठणच्याच सातवाहनांच्या हालराजानं ७०० गाथा जमवल्या म्हणतात. तुम्हाला चार नावं जड नाहीत.

१. माणूस शोधू नका. एमआयडीसीतले साहेब ‘डोन्ट बी अ नर्व्हस नेली’ म्हणाले, की नेली कुठल्या शिफ्टला असते, असं विचारू नका. ती कुठेच नसते. घाबरटाचं विशेषण ‘न’चं निघालं, म्हणून नेली सापडली. बिचारीचा गुन्हा एवढाच.

२. ती बाईच, असंही धरू नका. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री फ्रँक केलॉग यांनाही लोक नर्व्हस नेली म्हणत. पुढे त्यांना १९२९चं शांततेचं नोबेल मिळालं. तुम्हाला निदान ओव्हरटाइम मिळेल.

३. कानावर विसंबू नका. ‘चॅटी कॅथी’ म्हणजे बडबडी. वहीत लिहून अनुप्रास शोधाल, तर ‘च’ आणि ‘क’ हाती लागतील. अनुप्रास स्पेलिंगमध्ये आहे, दोन्हीकडे ‘सी’! ही मॅटेल कंपनीची १९६०च्या सुमाराची बाहुली. पाठीमागची दोरी ओढली, की ठरलेल्या ११ वाक्यांपैकी एखादं बोलायची. हसू नका; इंग्लिश स्पीकिंगचा क्लास संपल्यावर तुमचाही साठा साधारण तेवढाच असेल.

४. पुराणकाळात जाऊ नका. ‘डेबी डाउनर’ शेक्सपिअरची नव्हे, २००४ सालच्या अमेरिकी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातली. ऐन नाथषष्ठीच्या गर्दीत नाथसागरात किती टक्के पाणी उरलं, ते सांगत सुटणारा गृहस्थ आठवा. तोच डेबी.

५. अवघड प्रश्न टाळा. आपल्याकडे रडणाऱ्यालाही ‘रडतराव’ म्हणून मान मिळतो. इंग्रजीत घाबरायला नेली, कुरकुरायला ‘निगेटिव्ह’ नॅन्सी, बडबडायला कॅथी, विरजण घालायला डेबी. सगळ्या बायकाच कशा, असं मनात येईल. येऊ द्या. परीक्षेत विचारत नाहीत.

६. घरीच सराव करा. ‘लेझी लक्ष्मण’ धाकट्या भावावर बिनधास्त चालवा. सासूबाईंच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यांना इंग्रजी येत नसेल, पण स्वतःचं नाव आणि तुमचा सूर बरोबर कळतो. शिवाय नावं ठेवण्यात नवशिके तुम्ही आहात, त्या नव्हेत.