मुका हत्ती

ॲरिझोनातल्या भाच्याने तीस फुटी जुनं मोटरहोम घेतलं. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं ठणठणीत. बंद काय, तर हॉर्न. पुण्यात ब्रेकवाचून गाडी एकवेळ निभावते, हॉर्नवाचून नाही. तेव्हा ही केस आपोआप त्याच्याकडे मुक्कामाला आलेल्या माझ्यासारख्या पुणेकराकडे आली.

फ्यूज शाबूत होता. बटण दाबलं की रिले 'टक्' म्हणे. म्हणजे हुकूम सुटत होता, अंमलबजावणी होत नव्हती; मंत्रालयाची आठवण येऊन गहिवरलो. स्टिअरिंगखालची पितळी कडी अशा गाड्यांत झिजते म्हणतात, पण त्या 'टक्'मुळे ती निर्दोष सुटली. मग बॅटरीवरून वायर ओढून हॉर्नला थेट 12 व्होल्ट दिले. तरी मौन! शेवटी हॉर्न टांगलेल्या पट्टीवरचा गंज दिसला. या हॉर्नला परतीची वेगळी वायर नव्हती. वीज पट्टीतूनच सांगाड्यात उतरायची. गंज खरवडला, नट आवळला, आणि शेजाऱ्यांचं कुत्रं घरात पळालं.

"मामा, इथे हॉर्न मारणं म्हणजे शिवी देणं," भाचा कुजबुजला. आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर तर 'प्लीज' म्हणून मागणी असते. 2015 साली महाराष्ट्र सरकारने 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली. काही ट्रकांवरची अक्षरं गेलीही. मागच्याचा हात हॉर्नवरून कुठे हलला?

भाचा अजून हॉर्न वाजवत नाही. मी मात्र रोज सकाळी एकदा दाबतो. गंज चढू नये म्हणून.