तिसरा फेज

पुसद, दिग्रस, वणी, कुठल्याही गावी चौकशी करा, लेथभाऊ सापडतोच. एसटीच्या वर्कशॉपातून नाहीतर आयटीआयमधून निवृत्त झालेला, खिशात व्हर्निअर, आणि डोळा बंद पडलेल्या एखाद्या जिनिंगच्या गंजक्या फाटकावर.

जुना लेथ बघायला भाऊ स्थळ बघायला निघाल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून जातात. आधी बेडवरून नख फिरवतात. मग कॅरेज चकापासून टेलस्टॉकपर्यंत सरकवतात. जन्मभराचं काम चकाजवळच झालेलं, त्यामुळे बेड तिथंच झिजतो. कॅरेज चकाजवळ सैल आणि पलीकडे घट्ट लागली की भाऊ सुस्कारा टाकून भाव पाडतात. लेथ राजकोटचा निघाला तर "चालते बाप्पा." पण १९४१ साली हरिहरला सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करची पाटी दिसली की आवाज खाली येतो. मालक यंत्राचा भाव सांगतो, भाऊ किलोचा.

घरात ही बातमी टेम्पोबरोबरच पोचते. टनभराचं धूड पाइपांवर ढकलत आत घेताना फाटकाचा एक खांब पाडावा लागतो. "हे ठेवता कुठं?" वहिनी विचारतात. "तुळशीमागं जागा हाये न." मग तुळस हलते.

खरी करमणूक इथून पुढे. जुन्या कारखान्यात एकच इंजिन असे, छताखाली लांबलचक शाफ्ट आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला चामड्याचा पट्टा. त्यामुळे या लेथला स्वतःची मोटारच नाही. भाऊ तीन एचपीची थ्री फेज मोटार स्वस्तात मिळवतात आणि घरी आल्यावर त्यांना आठवतं, की घरात सिंगल फेज आहे. वीज कार्यालयाच्या अर्जात 'छंद' असा रकाना नसतो. मग कॅपॅसिटर! शेतातला पंप दोन फेजांवर रेटायची विद्या आपल्याकडे घरोघरी आहे. मोटार गुरगुरते, फिरते, पण जोर अर्धामुर्धा. मग पाच एचपीची आणखी एक मोटार येते. ती कामाला जुंपायची नाही, नुसती मोकळी फिरवायची. तिच्यातून तिसरा फेज निघतो. ती सुरू होताना गल्लीतले दिवे मान टाकतात, आणि भाऊ कुठल्या प्रयोगात आहेत ते सगळ्यांना कळतं.

पुण्याचा भाचा व्हीएफडी नावाचा डबा आणतो. मोटारीची जोडणी स्टारची डेल्टा केली, की सिंगल फेजवरून तीन फेज तयार, वर वेग बदलायला बटण. भाऊंना तो अपमान वाटतो. "बटन फिरवलं का झालं? मंग आपन काय करावं?"

पेरणीच्या तोंडावर शेजारी बुश घेऊन येतो. "थांब राजा, आधी लेव्हल होऊ दे." शेजारी बाजारातून बुश आणतो, पेरतो, सोयाबीन उगवतं. भाऊ तोवर १२७ दातांच्या गिअरमागे लागलेले. लेथचा लीडस्क्रू इंचाचा, आटे पाडायचे मिलिमीटरचे. पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर, म्हणून तेवढेच दात हवेत. १२६ चालत नाहीत का, हे त्यांना विचारू नये. संध्याकाळ जाते.

अखेर दारव्ह्याला गिअर सापडतो. फाटकाचा दुसरा खांबही पडतो.

"आनखी एक लेथ?" वहिनी ओट्यावरून ओरडतात.

"लेथ नाही वं, गिअर आनला. बाकीचं त्याच्यासंगं आलं."